तिसऱ्या पानावरची ओळ

जुन्या जालन्यातले एक मोठे अडतदार वारले, तेव्हा शाळेतले आम्ही चौघे मास्तर त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, थोरला मुलगा डोकं भादरून भिंतीला टेकून बसलेला, आतून बायकांच्या रडण्याचा आवाज मधूनच वर येई. येणारा प्रत्येक जण गेलेल्याचे गुण गात होता. देवमाणूस काय, गोरगरिबांचा आधार काय, काही विचारू नका. मग आमच्यातल्या सर्वांत वडील, इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांची पाळी आली. त्यांनी टोपी सारखी केली, क्षणभर आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माणूस जबानीचा पक्का होता. वजनाचा न्हाई."

मी सतरंजीचा काठ मुठीत धरला. नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि आता आम्हा चौघांना इथून गचांडी मिळणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. मुलगा डोळे फाडून बघत राहिला. आतलं रडणं एकदम थांबलं आणि दाराआडून अडतदारांची बायको म्हणाली, "बिलकुल खरं बोलले मास्तर. मी किती डाव म्हणलं त्यायला, ते वजनं बदला म्हणून."

गल्लीत आल्यावर मी म्हणालो, "मास्तर, सुतकाच्या घरात असं कुणी बोलतं का?"

ते थबकले. चेहऱ्यावर खरीच काळजी होती. "का? त्यात काही राह्यलं का?"

अशी माझी त्यांची ओळख. निजामी राज्य होतं, शाळेत सगळे विषय उर्दूतून चालत. मी मराठी शिकवायचो, ते इंग्रजी. गावभर त्यांना नुसतं मास्तर म्हणत आणि ते मला धाकटे म्हणत. उंच, वाळकी अंगकाठी, कोटाची एकच गुंडी शाबूत, कानावर पेन्सिल. वर्तमानपत्र हातात पडलं की बातमीच्या बाजूच्या कोऱ्या जागेत त्या बातमीचा मतलब चार शब्दांत लिहायचे, मग मूळ बातमी कात्रीनं कापून टाकायचे आणि चार शब्द ठेवायचे. त्यांच्यानंतर ते वर्तमानपत्र ज्याच्या हाती जाई, त्याला खिडक्यांतून पलीकडचं दिसे.

इंग्रजीच्या सबंध वर्षातले पहिले दोन महिने ते एकाच क्रियापदावर घालवत. समराइझ, म्हणजे सारांश सांगणं. काळ्या फळ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि पुसायचं नाही, अशी पोरांना ताकीद होती. माझा वर्ग शेजारीच, मधे फक्त तट्ट्याची भिंत. त्यामुळे माझ्या पोरांना कवितेआधी समराइझ पाठ झालं.

"समराइझ म्हंजे कापणं न्हाई," मास्तर पलीकडून गरजायचे. "कापायला कात्री लागती, ह्याला समज लागती. पहले पूरा पढो, फिर किताब बंद. मंग सांगा, धड्यात काय होतं. शब्द आपले. मत आपलं बिलकुल न्हाई. उदाहरणं गाळा, नटणं-मुरडणं गाळा. ज्याच्याबिगर धडा उभाच राहत न्हाई, तेवढं ठेवा. आता बोला, हे क्रियापद कशाला लावता येतं?"

पोरं ओरडायची, "धडा! भाषण! अर्ज! गोष्ट!"

"बराबर. जे सांगून संपलं, त्याला. आंबा समराइझ करता येतो का?"

"नहीं!"

"माणूस?"

इथे वर्ग गोंधळायचा. मास्तर थोडं थांबून म्हणायचे, "मेलेला असंल तर येतो."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला खडू पडला. माझी पोरं मात्र खदखदून हसत होती.

एकदा तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे साहेब शाळा तपासायला आले. अंगणात सगळी शाळा बसवली होती. साहेबांनी अस्सल दरबारी उर्दूत पाऊण तास भाषण केलं. इल्माची रोशनी, सरकारची मेहेरनजर, कौमाची तरक्की, काही राहिलं नाही. शेवटी त्यांनी कौतुकानं विचारलं, "बच्चों, कुछ समझ में आया?" हेडमास्तर मान डोलावत होते, तेवढ्यात मास्तरांनी सातवीतल्या एका पोराला उभं केलं. "समराइझ कर."

पोरगं ताठ उभं राहिलं. "हुजूर फरमाते हैं कि इमारत गिरने वाली है, मगर पैसा नहीं मिलेगा."

हेडमास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला.   साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लडका होशियार है," एवढंच बोलून ते खुर्चीवर बसले. इमारतीला पैसा खरंच मिळाला नाही. हेडमास्तर पुढे महिनाभर मास्तरांशी बोलले नाहीत आणि मास्तरांना त्याचा पत्ताच लागला नाही.

त्यांच्या घरी उलटा कारभार होता. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, बोलायला लागल्या की थांबत नसत. भाजीवालीचं भांडण सांगायचं तर भाजीवालीच्या माहेरापासून सुरुवात. मास्तर मधेच म्हणत, "मुद्दा?" की काकू शांतपणे म्हणत, "तोडलं का? आता पयल्यापासून सांगते." आणि खरंच पहिल्यापासून सांगत. मी एकटा जीव, बदनापूरकडच्या खेड्यातून आलेला. रविवारी त्यांच्याकडे जेवायचो आणि हा तमाशा बघायचो. दोघांना मूलबाळ नसावं, असं मी आपलं धरून चाललो होतो. कुणी कधी विषय काढला नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला आजही जड जातं. मला फेफरं यायचं. बाराव्या वर्षी पहिल्यांदा आलं, मग वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी. आई, थोरला भाऊ आणि एक वैद्य, एवढ्यांनाच ठाऊक होतं. नोकरी जाईल, लग्न होणार नाही, म्हणून भावानं आईच्या गळ्याची शपथ घालून माझं तोंड बंद केलं होतं. शाळेत लागल्याच्या दुसऱ्या वर्षी, एका संध्याकाळी पोरं गेल्यावर, मी वर्गात कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा मास्तर शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते. माझ्या डोक्याखाली त्यांचा कोट होता. बाकं लांब सरकवलेली होती. नाकाला चपला लावलेल्या नव्हत्या, कांदा नव्हता, गर्दी नव्हती. "धाकटे, तुम्ही शाळेत आहात," ते म्हणाले. "जल्दी न्हाई. सावकाश उठा." खोलीपर्यंत सोडायला आले. त्यानंतर ह्या गोष्टीचा एका शब्दानंही उल्लेख त्यांनी केला नाही. ते विसरले असावेत, असं मी स्वतःला पटवलं होतं.

आणि मग धावड्याचं स्थळ आलं. भोकरदन तालुक्यातलं गाव, घर शेतकऱ्याचं, बरी जमीन बाळगून असलेलं. मुलगी सतरा वर्षांची, चौथी शिकलेली. मी भावाच्या आग्रहानं लांबून पाहिली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती मनापासून आवडली होती. तिथून आल्यावर मी वर्गात पोरांना रागावायचा विसरून जायला लागलो.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलीचा बाप मुलाची चौकशी करायला येतो. कुणाकुणाला विचारायचं, ते मुलाकडचेच सुचवतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चौकशी होते. भावानं तीन नावं दिली होती. मुलीच्या वडलांनी तिघांना गाठलं. मुलगा निर्व्यसनी, पगार वेळेवर, खानदान चांगलं. झालं. मग ते म्हणाले, "शाळेत ते इंग्रजीवाले मास्तर हायेत ना, जे एका बोलात माणूस सांगत्यात? त्यायला इचारतो." गावोगावी मास्तरांची ख्याती पोचलेली होती.

मला आनंदच झाला. मास्तरांचं एक वाक्य, पाहुण्यांचा चहा, आणि सुपारी फुटली. मी मास्तरांच्या घरासमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. पाहुणे आत गेले. पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. खिडकीतून मास्तरांचे हात हलताना दिसत होते. मास्तर बोलत होते. एक तास झाला. मी तीन चहा प्यालो आणि चौथा तसाच गार झाला. माझ्या आयुष्यात मी मास्तरांना सलग पाच वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि आज ते थांबायला तयार नव्हते. दोन तासांनी पाहुणे बाहेर आले. चेहरा काळवंडलेला. हॉटेलात मी आहे हे त्यांनी पाहिलं, आणि पागोटं सावरत मोटारीच्या अड्ड्याकडे निघून गेले.

हॉटेलवाल्यानं फडका खांद्यावर टाकला. "मास्तर दो घंटे बोलले? तुमच्यावर? मंग मामला गडबड हाय, गुरुजी. मेलेल्या अडतदार शेठला एकच बोल पुरला."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीनं हेच ठरवलं. मास्तरांना ज्याच्यासाठी इतके शब्द लागले, त्याच्यात काहीतरी भयंकर असणार. दुधवालीनं मला दूध घालताना अंगावरून नजर फिरवली. माझ्या भावाकडे तिसऱ्या दिवशी बदनापूरला बातमी पोचली, ती अशी की मला एक बायको आधीच आहे.

मी मास्तरांच्या घरात शिरलो तो चप्पल न काढताच. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काय?"

"तुम्ही कसे शिकवता. रागावता कशावर. उधार कुणाला द्यायचं हे कळत न्हाई ते. आईला पगारातून काय पाठवता ते. गाता बरं, पण ओळी विसरता." मास्तर शांतपणे पेन्सिल तासत होते. "आणि फेफरं."

  दोन वर्षं ज्या माणसाच्या घरी जेवलो, त्यानं माझा गळा कापला होता, आणि वर पेन्सिल तासत बसला होता. मी खूप बोललो. आज ते शब्द आठवले की मान खाली जाते. म्हातारपणी अक्कल गेली म्हणालो. सबंध जगाला दोन शब्दांत गुंडाळता, मग माझ्याच बाबतीत जीभ लांब का झाली म्हणालो. "मुलगा चांगला आहे, एवढं एक वाक्य नव्हतं का तुमच्याकडे?"

"होतं," मास्तर म्हणाले. त्यांचा हात थांबला होता. "ते म्या एकदा बोललो होतो."

स्वयंपाकघरातून काकू आल्या. हाताला पीठ तसंच. मला वाटलं, आता ह्या पहिल्यापासून सुरू करणार. पण काकूंनी फारच थोडं सांगितलं.

"आमची होती एक. सोळाव्या वर्षी दिली. स्थळाची माहिती म्हणून ह्यांच्या मावसभावाचं चार पानी पत्र आल्तं. मी म्हणलं, वाचून दाखवा. हे म्हणले, पत्र लांब हाय, मतलब सांगतो. मुलगा नोकरीला, घर सुखी, मागणी न्हाई. मुलगा चांगला. म्या हो म्हणलं." त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं. "तिसऱ्या पानावरची एक ओळ ह्यांनी गाळली होती. ती म्या लई उशिरा वाचली."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. आणि मग, वर्गात पाठ म्हणवून घेतल्यावर पोरं म्हणतात त्या सुरात, ते पत्र म्हणायला लागले.

"कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले पत्र पावले. मुलाविषयी विचारले ते सविस्तर लिहितो..."

सगळं पत्र त्यांना तोंडपाठ होतं. स्वल्पविरामाशी थांबत होते. घरी दोन बैलजोड्या आहेत. यंदा कडबा मुबलक आहे. विहिरीचे पाणी गोड आहे. मुलाच्या मातोश्रींचा स्वभाव शांत आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पुरे, मास्तर, थांबा. ते पुढे म्हणतच होते. "मुलास हिवाळ्यात खोकला असतो, गेल्या साली हवापालटास दोन महिने आत्याकडे होता. धाकट्या बहिणीचे लग्न उरकले. घरावर यंदा नवे पत्रे घातले..." ते त्या ओळीशी थांबले नाहीत. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. तिच्यावरून तसेच पुढे गेले, बाकीच्या ओळींसारखेच, आणि पत्र शेवटपर्यंत, लोभ असावा ही विनंतीपर्यंत, म्हणून संपवलं.

"आधी तो गेला," काकू म्हणाल्या. "मंग सहा महिन्यानं ती. तिलाबी खोकला लागला होता."

 इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी शाळेत येऊन त्याच क्रियापदाचा अर्थ त्याच फळ्यावर लिहीत होता. ज्यानं पोर गेली, तेच पोरांना शिकवत होता. मी विचारलं, कसं शिकवता तुम्ही हे? कसं जमतं?

"नीट शिकवतो," मास्तर म्हणाले. "ज्याच्याबिगर उभं राहत न्हाई, ते ठेवायचं. म्या पाण्याची, पत्र्याची ओळ गाळली ते बराबर होतं. ती खोकल्याची गाळायची नव्हती. मला समजच आली नव्हती, बाबा. आता जित्या माणसाचं म्या करत न्हाई. कुठली ओळ कुणाच्या जिवाची हाय, ते मला काय ठावं?" पहिल्यांदाच त्यांनी मला तू म्हटलं. "तुझी ओळ त्या पोरीच्या जिवाची हाय. तिला ती कळायला नको?"

 राग गेला नव्हता. मी घरी आलो आणि दोन दिवस शाळेत गेलो नाही. स्थळ मोडलं, हे मी धरूनच चाललो होतो. वाईट याचं वाटत होतं की मास्तरांचं म्हणणं मला पटलं होतं.

आठव्या दिवशी धावड्याहून कार्ड आलं. मजकूर तीन ओळींचा. मुलीला सगळे सांगितले आहे. ज्याचे दुखणे आहे त्याच्याच तोंडून ऐकेन, असे ती म्हणते. आपण यावे, मास्तरांना सोबत आणावे.

भाऊ ते वाचून मटकन खाली बसला. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत मुलीनं मुलाची झडती घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "आपण पोरगी पाह्यला जात असतो," तो म्हणाला, "पोरीकडून पाहून घ्यायला न्हाई. मी येणार न्हाई." मग मी आणि मास्तर दोघेच निघालो. भोकरदनपर्यंत मोटार, तिथून पुढे बैलगाडी.  वाटेत मी मनातल्या मनात काय सांगायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी ते एका वाक्यात उरकावं असा मोह होत होता.

ओसरीवर मुलीचे वडील आणि मास्तर बसले. मला आतल्या खणात नेलं. मुलगी आत्याला लागून खाली मान घालून बसली होती. दार उघडंच होतं.

वडील ओसरीवरून म्हणाले, "बोला पाव्हणं. मास्तरांचा मला लई राग आल्ता त्या दिवशी. मोटारीत बसलो तवा म्हणलं, बाकीचे तिघं खोटं बोलले आन हा खरं बोलला. पोरीसमोर तुम्हीच बोला. पुढं तिची मर्जी."

मी बोललो. पहिल्यांदा कधी आलं, कुठे पडलो, आतापर्यंत किती वेळा. येण्याआधी डाव्या हाताला मुंग्या येतात ते. तोंडाला फेस येतो ते. एकदा कपडे ओले झाले होते ते. वैद्याचं औषध घेतो आणि त्यानं काही फरक पडत नाही ते. शेवटचं आठ महिन्यांपूर्वी आलं होतं. पुन्हा येणार नाही, असं मी सांगू शकत नाही. आत्या मधूनमधून चुकचुकत होती. मी एकही गोष्ट गाळली नाही.

मुलीनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची तयारी करून बसलो होतो.

"मंग तसं झालं तर म्या काय करायचं?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बाराव्या वर्षापासून आईनं, भावानं, वैद्यानं मला एकच शिकवलं होतं, कुणाला कळू नये म्हणून मी काय करायचं. मी पडल्यावर जवळच्यानं काय करायचं, हे मला कुणीही, कधीही विचारलं नव्हतं.  आत्यासमोर डोळे पुसायची लाज वाटत होती, तरी पुसले.

"चप्पल नाकाला लावू नका," मी म्हणालो. "मला फार लाज वाटते त्याची. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं. आणि जागा झालो की मी कुठं आहे, तेवढं मला सांगा. लगेच कळत नाही मला."

ती ते मनाशी धरून ठेवत असावी, तसे तिचे ओठ हलले.

"सांगीन," ती म्हणाली, आणि ओसरीवर मास्तर सगळ्यांच्या देखत, तोंडावर टोपी दाबून, लहान पोरासारखे हुंदके देत रडायला लागले.